चूलबंद आवतन

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या एका घरात आचलच्या साक्षगंधाची धांदल होती. पुण्याकडचे लोक ज्याला साखरपुडा म्हणतात तेच आमचं साक्षगंध. फक्त त्यांचं चहा-पेढ्यांवर भागतं आणि आमच्याकडे पंगत उठल्याशिवाय कोणी साक्ष देत नाही. आचल मेंदीचे हात वर धरून घरभर फिरत होती. तिचा भाऊ प्रफुल अंगणात खुर्च्या आणणाऱ्या माणसाशी हुज्जत घालत होता. आई प्रमिलाबाई आचाऱ्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. आणि प्रफुलची बायको रक्षा, जिनं खरं म्हणजे या सगळ्याच्या मधोमध असायला हवं होतं, ती देवघराशेजारच्या खोलीत दार लोटून चार मुक्या कॉम्प्युटरांची मनधरणी करत बसली होती.

ते चारही कॉम्प्युटर तिच्यासमोर नव्हतेच. ते होते वडनेरला, प्रफुलचा मित्र धनंजय याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, आणि तिथंही डोळ्यांना दिसत होता तो एकच. त्या एका दांडग्या मशीनच्या पोटात चार व्हर्च्युअल मशिनी चालायच्या. एकीवर कापसाच्या गाड्यांचा वजनकाटा, एकीवर हिशेब, एकीवर कॅमेरे आणि एकीवर गेट. प्रत्येकीला वाटायचं की आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. माणसांनाही असं पुष्कळदा वाटतं, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

या चौघींच्या आत एकेक एजंट असायचा. एजंट म्हणजे एक छोटा प्रोग्राम. बाहेरचं मोठं मशीन त्याच्या कानात सांगणार आणि तो आतल्या आत तसं करून घेणार. वडनेरला लाईन जाते. कधी, ते वीजवाल्यांनाही ठाऊक नसतं. लाईन गेली की बॅटरी थोडा वेळ दम धरते. तेवढ्यात बाहेरचं मशीन एजंटला म्हणतं, बाबा रे, वजनाची नोंद पुरी कर, दप्तर मिट आणि नीट झोप. एजंटनं ओ दिली नाही तर बॅटरी संपते आणि काट्याची मशीन अर्ध्या वाक्यात मरते. मग शेवटच्या गाड्यांची वजनं कोणाची कोणाला लागतात आणि गेटवर जो गोंधळ होतो तो पांगवायला पोलीस पाटीलच लागतो.

या घडीला चारही एजंट मुके होते.

गेल्या हंगामात ते बोलत होते. तेव्हा मोठ्या मशीनवरचं सगळं सॉफ्टवेअर रक्षानं 'स्नॅप' पद्धतीनं टाकलं होतं. त्या पद्धतीत एका बंद गठ्ठ्यात सगळं येतं आणि तो गठ्ठा आपला आपण नवा होत राहतो. कधी नवं व्हायचं याची वेळ बांधून देता येते, पण ती सोय तिनं वापरली नव्हती. ऐन गर्दीच्या दिवशी गठ्ठा स्वतःहून नवा झाला, मशिनी अडखळल्या आणि गाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली. म्हणून या वर्षी तिनं गठ्ठा काढला आणि सुट्या पॅकेजांची जुनी रीत धरली. त्यात एकेक वस्तू वेगळी येते आणि विचारल्याशिवाय काही बदलत नाही. सगळं सुरळीत चालू झालं. फक्त एजंटांची वाचा गेली.

सकाळी धनंजयचा फोन येऊन गेला होता. तो प्रफुलचा कॉलेजातला मित्र, त्यामुळे रागावला तरी वहिनी म्हणूनच रागवायचा.

"वहिनी, बुधवारी काट्याची पूजा हाये. त्याच्या आत झालं तं ठीक, नाईतर मी नागपूरवाल्याले बोलावतो. वाईट नका मानू. माह्या गेटवर गाड्या उभ्या राह्यतात."

"होते धनंजयभाऊ. बुधवारच्या आत होते."

"आन् पूजेले तुम्ही येजा. मशीनपाशी एक माणूस लागतेच."

एक माणूस. कामापुरता. फोन ठेवल्यावर रक्षाला ते शब्द लागले.

लागण्याचं कारण होतं. पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून ती नवऱ्यासोबत वर्ध्याला परतली, प्रफुलनं कृषी केंद्र टाकलं आणि तिनं ठरवलं की इथंच बसून लोकांच्या मशिनी सांभाळायच्या. स्वतःच्या नावावर मिळालेलं पहिलं काम हे वडनेरचं. ते गेलं तर दुसरं कोणी देणार नव्हतं, कारण वर्धा जिल्ह्यात बातमीला रस्ता लागत नाही. पुण्याची कंपनी तर परत बोलावतच होती. येत्या गुरुवारपर्यंत हो किंवा नाही कळवा म्हणाली होती. प्रफुल म्हणाला होता, तू म्हणशील तसं. पण तो हे म्हणताना दुकानाच्या पाटीकडे पाहत होता. आणि रक्षाला जायचं नव्हतं. इथं लेक आजोबांच्या मांडीवर बसून सकाळ बघते, सासूबाई चहात आलं जास्त घालतात म्हणून रोज भांडता येतं, आणि कोणी विचारलं काय करता तर स्वतःचं नाव सांगता येतं. तिला इथं बरं वाटत होतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि तीच हातातून निसटत होती.

काय केलं नव्हतं तिनं? चारही मशिनींच्या आत शिरून एजंट बंद केला, चालू केला, पुसला, पुन्हा बसवला. आतली नोंद दर वेळी एकच रड गायची, की बाहेरच्या मशीननं आत सरकवलेला फायलींचा कप्पा उघडला, पण त्यात एजंट सापडला नाही. रक्षाला वाटायचं, कप्पा वाचण्यात काहीतरी चूक होत असावी. मग तिनं काट्याच्या मशिनीत त्या मशिनीच्याच सॉफ्टवेअर-भांडारातला एक दुसरा एजंट आणून बसवला. तो बिचारा सुरूही झाला, पण बाहेरच्या मशीनशी त्याची ओळखच नव्हती. तो आत बोलत राहिला आणि बाहेर कोणी ऐकत नव्हतं.

"रक्षा, बाहेर ये नं बाई," प्रमिलाबाईंनी दारातून डोकं घातलं. "पाव्हणे आले. का करून राह्यली तू इथं?"

"आली आत्याबाई," म्हणून तिनं लॅपटॉप मिटला आणि पदर सावरत बाहेर आली. आमच्याकडे सासू म्हणजे आत्याबाई आणि सासरा म्हणजे मामाजी.

मुलाकडची मंडळी वर्ध्यातलीच, किराण्याच्या व्यापारातली, बोलायला मोकळी. टिळे झाले, हार झाले, आचलला पाटावर बसवलं. आता ओटी भरायची. या घराण्यात लेकीची पहिली ओटी भावकीतल्या थोरल्या घरची सवाशीण भरते. थोरलं घर आष्टीचं. प्रभाकररावांचे, म्हणजे रक्षाच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ नत्थूजी तिथले, आणि थोरली सवाशीण म्हणजे त्यांची बायको लीलाबाई. नत्थूजी तर पुढच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसलेले सगळ्यांनी पाहिले होते.

"लीलावहिनी कुठी हाये?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

स्वयंपाकघरात नव्हत्या. मागच्या अंगणात नव्हत्या. कोणी म्हणालं आत निजल्या असतील, प्रवासानं दमून. आचलच्या मैत्रिणींनी गच्ची पाहून घेतली. कोणी म्हणालं रुसल्या असतील. मागच्या लग्नात साडीवरून काही बोलणं झालं होतं. लगेच त्या साडीची चौकशी सुरू झाली, ती कोणी आणली, काठ कसे होते. ओटीचं ताट हातात धरून प्रमिलाबाई घरभर फिरल्या आणि शेवटी नत्थूजींसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊजी, वहिनी कुठी बसल्या?"

"ते घरी हाये. आष्टीले," नत्थूजी शांतपणे म्हणाले. "मी एकटाच आलो."

"काऊन? तब्येत बरी नाई का?"

"तब्येतीले का झालं? सकाळीच चुलीपाशी होती."

प्रभाकरराव गुडघा धरत उठून आले. "नत्थूभाऊ, घरच्या लेकीचं साक्षगंध आन् तुम्ही वहिनीले घेऊन नाई आले?"

"आवतन कसं होतं ते पाह्य नं, प्रभाकर. तुह्या पोट्ट्यानं मोबाईलवर पाठवलं. चित्र छान होतं, गणपती होता, वाजंत्री वाजून राह्यली होती. पण त्याच्यात चूलबंद कुठी होतं? चूलबंद नाई म्हणजे घरटी एक. मंग मी आलो."

प्रभाकररावांनी कपाळाला हात लावला. सगळ्यांच्या माना प्रफुलकडे वळल्या आणि प्रफुल खुर्च्यांकडे पाहू लागला.

झालं होतं असं. दर कार्याला प्रभाकरराव स्वतः गावोगाव जात, उंबरठ्यावर उभे राहत आणि म्हणत, चूलबंद या. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, लहानथोर सगळ्यांचं पान आमच्याकडे. ते शब्द उच्चारले नाहीत तर घरटी एक माणूस, असा आमच्याकडचा जुना नेम. या वेळी गुडघ्यामुळे त्यांना जाता आलं नाही. प्रफुलनं एक सुरेख पत्रिका बनवून सगळ्यांच्या मोबाईलवर धाडली आणि स्वतःवर खूश झाला. तीत तारीख होती, वेळ होती, सभागृह नाही घरच आहे हेही होतं. चूलबंद मात्र नव्हतं, कारण तो शब्द कधी कोणी लिहितच नाही, तो बोलायचा असतो.

रक्षानं लीलाबाईंना फोन लावून दिला.

"रुसली नाई वं मी," पलीकडून लीलाबाई म्हणाल्या. फोडणीचा आवाज मागे ऐकू येत होता. "आचलची ओटी, मले का यायचं नव्हतं? लुगडं काढून ठेवलं होतं. पण आवतनच नाई तं कशी येऊ? बिनबोलावत्या पंगतीत बसायले बरं दिसते का?"

प्रभाकररावांनी फोन हातात घेतला, उगाच ताठ उभे राहिले आणि उंबरठ्यावर बोलावं तसं खणखणीत आवाजात म्हणाले, "वहिनी, चूलबंद या. लेकी, सुना, नातवंडं, सगळे. चूल विझवा आन् निघा."

"आन् आमच्या बुढीले?"

नत्थूजींची आई नव्वदीच्या घरातली. तिला बसमध्ये चढणं होत नव्हतं आणि ऐकूही कमी यायचं.

"तिले घ्यायले प्रफुल येते गाडी घेऊन," प्रभाकरराव म्हणाले. "हात धरून आणते."

प्रफुल मुकाट्यानं किल्ली घेऊन निघाला. मुलाकडच्या मंडळींनी हसत हसत सांगितलं, आम्ही आधी जेवून घेतो, ओटी आष्टीहून गाडी आल्यावर. लग्नाआधीच या लोकांशी जमणार असं सगळ्यांना वाटलं.

पंगत बसली. रक्षानं वाढायला घेतलं. नत्थूजींच्या पानावर भात वाढताना तिनं विचारलं, "मोठे बाबा, पण दर वेळी तं तुम्ही सगळेच येता. या वेळी वाटलं नाई का, की चुकून राह्यलं असन?"

"तुह्या सासऱ्यानं चूलबंद म्हटलं का घरातलं मांजरबी मागं येते. एकाचं नाव घेऊन बोलावलं तं एकच येते. त्यात आमचा का दोष?" नत्थूजींनी वरणासाठी भातात खळगं केलं. "तुमी घरभर लीलेले शोधून राह्यले. ते घरात असन तं सापडन नं. बोलावणं जिथून जाते तिथं पाह्यलं पाह्यजे होतं आधी."

वरणाची पळी रक्षाच्या हातात तशीच राहिली. नत्थूजींनी वर पाहिलं. "वाढ नं बाई."

तिनं वाढलं. मग भांडं आचलच्या मैत्रिणीच्या हातात देऊन ती खोलीत गेली, आणि या वेळी दार लोटायचंही विसरली.

बोलावणं जिथून जातं तिथं. ती इतके दिवस चारही मशिनींच्या आत एजंट शोधत होती, आणि आतली नोंद बिचारी रोज सांगत होती की बाहेरून आलेल्या कप्प्यात तो नाही. एजंट आतल्यांचा नव्हताच. तो बाहेरच्या मोठ्या मशीननं कप्प्यात घालून आत पाठवायचा असतो. गठ्ठ्याच्या पद्धतीत तो न सांगता यायचा, कारण तिथं सगळंच चूलबंद. सुट्या पद्धतीत तो वेगळ्या पॅकेजात असतो. मुख्य पॅकेज आणताना त्याची शिफारस होते. पण वडनेरचं नेट मंद, म्हणून रक्षानं पुण्यात लागलेल्या सवयीप्रमाणे आज्ञा दिली होती, की मी नाव घेतलं तेवढंच आण, शिफारशीचं काही आणू नको. घरटी एक.

तिनं मोठ्या मशीनला विचारलं, काय काय आलं आहे तुझ्याकडे? आलेल्यांत एजंटचं पॅकेज नव्हतं. ती एकटीच खोलीत हसली. प्रफुलला दिवसभर सगळे बोलत होते, आणि तिनं तर त्याच्याही आधी तीच चूक केली होती, वर हुशारी समजून.

तिनं नाव घेऊन एजंटला बोलावलं. वडनेरचं नेट वडनेरच्या नेटासारखंच चाललं. मग काट्याच्या मशिनीत बसवलेला तो अनोळखी एजंट काढून टाकला आणि एकेक मशीन झोपवून उठवली. काटा बोलला. हिशेब बोलला. कॅमेरे बोलले. गेट बोललं नाही.

पण आता कुठं पाहायचं ते तिला कळलं होतं. कप्पा गेटपर्यंत पोचला होता आणि त्यात एजंटही होता. फक्त गेटची मशीन फार जुनी. दारात आलेल्याला आत घ्यायची तिला रीतच ठाऊक नव्हती. नव्या मशिनी कप्पा आपण होऊन उघडतात, हिला हात धरून शिकवावं लागणार होतं. रक्षा तिच्या पडद्यावर गेली, कप्पा स्वतः जोडला, त्यातला एजंट उचलून जागेवर बसवला आणि उठताना त्याला उठव म्हणून सांगून ठेवलं. मशीन झोपली, उठली, थोडा वेळ गप्प राहिली आणि मग बोलली.

दिवस कलता कलता बाहेर गाडी वाजली. प्रफुल आष्टीच्या म्हातारीचा हात धरून तिला पायऱ्या चढवत होता आणि मागून लीलाबाई, त्यांच्या दोन्ही सुना आणि पोरंसोरं उतरत होती. लीलाबाईंनी हात धुतले, ताट घेतलं आणि आचलची ओटी भरली. म्हातारी मोठ्यानं म्हणाली की पोट्टी बारीक झाली, आणि मुलाकडच्यांसकट सगळे हसले. रक्षा दाराला टेकून उभी होती. तिला रडू येतंय असं वाटून आचलनं डोळ्यांनी काय झालं विचारलं. रक्षानं मान हलवली. तिला फक्त फार बरं वाटत होतं.

मंगळवारी ती वडनेरला गेली. धनंजयला सगळं चालू आहे हे पडद्यावर दाखवलं. त्यानं पाहिलं, हं म्हणाला, आणि बाहेर चालता झाला. रक्षाला वाटलं त्याला कोणी बोलावलं असेल. तेवढ्यात दिवे गेले, पंखा मंदावला आणि बॅटरी ओरडू लागली. धनंजयनं स्वतःच मेन स्विच ओढला होता. काट्यावर त्याचाच ट्रॅक्टर उभा होता, वजन अर्धं लागलेलं.

आता तिच्या हातात काही नव्हतं. तिनं हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे पाहत राहिली. काट्यानं नोंद पुरी केली, दप्तर मिटलं. हिशेब झोपला. कॅमेरे झोपले. गेट मागे राहिलं, आणि मग म्हातारं गेटही सावकाश झोपलं. बॅटरी अजून जिवंत होती.

स्विच परत चढवून धनंजयनं ट्रॅक्टरचं वजन काढून पाहिलं. जसंच्या तसं होतं.

"नागपूरवाल्याले फोन केलता मी," तो म्हणाला. "आता नको म्हणतो त्याले."

"बरं," रक्षा म्हणाली आणि वायर गुंडाळू लागली. "उद्या मी सकाळीच येते. मशीनपाशी बसते."

"नाई वहिनी." त्यानं तिच्या हातातली वायर घेतली. "मामाजीले सांगा, आत्याबाईले सांगा. प्रफुल, पोरगी, सगळे. उद्या पूजेले तुम्ही चूलबंद या."

ती घरी पोचली तेव्हा प्रमिलाबाई ओट्यापाशी परातीत डाळ घेऊन उभ्या होत्या.

"उद्याची डाळ भिजवून राह्यली मी. घट्ट करू का पातळ?"

"भिजवू नका आत्याबाई," रक्षा म्हणाली. "उद्या गॅसच पेटवू नका. वडनेरचं चूलबंद हाये."

प्रमिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग परातीतली डाळ पुन्हा डब्यात ओतली, झाकण दाबून बसवलं, आणि पुण्याला काय कळवायचं ते विचारलंच नाही.